कार्ड लागल्याशिवाय ताट नाही

माझ्या आत्याच्या हातून मोठ्या पातेल्यात मीठ कमी पडतं, हे रांजणगावच्या आमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त आत्याला माहीत नव्हतं. घरी आम्हा दोघींच्या भाजीला तिचा हात पक्का. पण कॅन्टीनचं पातेलं समोर आलं की मिठाच्या डब्यात गेलेला हात आखडायचा. आणि चाखून बघायचं तर नावच नको. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही, हा आमच्या खुटबावच्या घरचा नेम, आणि शिफ्ट करून आलेला भुकेला माणूस तिच्या मते देवाहून फार खाली नव्हता. म्हणून कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी असायची. माणसं चिमूटभर मीठ भाजीवर भुरभुरायची आणि गपगुमान जेवायची. मीही तेच करायचे. आत्यानं एकदा वाट्या कशाला म्हणून विचारलं, तेव्हा कुणीतरी ताकात घालायला म्हणून ठोकून दिलं आणि तिला ते पटलं.

मी त्याच कंपनीत कंप्यूटर विभागात आहे. नोकरी लागली तेव्हा खुटबावाहून रोज ये-जा करायचा हट्ट धरला होता मी. केडगाव-चौफुल्याला एक गाडी, न्हावऱ्याकडं दुसरी, पुढं मिळेल ते. महिन्याभरात हात टेकले. आत्याचे यजमान गेल्यापासून ती शिरूरला एकटीच होती. एक दिवस तीच आली, माझी पिशवी उचलली आणि आईला म्हणाली, "पोर वाळून चाललीया. नेते मी." तेव्हापासून आम्ही दोघी सकाळी कंपनीच्या बसला बरोबर. ती पुढच्या सीटवर, कारण मागं हादरे बसतात. मी मागं, कारण पुढं तिच्याजवळ बसलं की बसभर माझं डोकं विंचरलंय की नाही याची चर्चा होते.

कॅन्टीन बायकांच्या एका गटाकडं होतं आणि आत्या त्यांची म्होरकी. वर्षानुवर्षं कुपनांवर कारभार चालला होता. कॅन्टीन बघणारे आमचे साहेब तसे भले गृहस्थ, पण पुण्याचा एक मोठा केटरर त्यांच्या मागं लागला होता. त्याच्याकडं त्याची कार्डं, त्याचं मशीन, टोप्या घातलेली पोरं. शेवटी साहेबांनी आत्याला बोलावून सरळ सांगितलं. दिवाळीपासून कुपनं बंद. कामगारानं गळ्यातलं कंपनीचं कार्ड लावायचं, काउंटरवरच्या पडद्यावर त्याचं नाव आणि शिफ्ट उमटली की मगच ताट सरकवायचं. कार्ड लागल्याशिवाय ताट नाही. खंडेनवमीला पूजेसाठी सगळ्या शिफ्टची माणसं एकदम जेवायला येतात, त्या दिवशी हे करून दाखवा. जमलं तर कॅन्टीन तुमचंच राहील, नाही जमलं तर दिवाळीपासून पुण्याचा माणूस येईल.

आणि ते पडद्यावरचं पान तयार करायचं काम आलं माझ्याकडं. त्या संध्याकाळी आत्या लसूण सोलत बसली होती. पाकळ्यांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हंजी आमचं नशीब तुझ्या त्या डब्यात घातलंय व्हय."  गटातल्या कितीतरी बायकांची घरं त्या चुलीवर चालत होती, आणि आत्याची तर ती चूलच सगळं होती.

तो डबा कसला, ते सांगायला हवं. आमच्या कंपनीत एक जुनं मशीन आहे. टेबलावरच्या कंप्यूटरपेक्षा मोठं, बँकांकडं असतात त्या राक्षसांपेक्षा लहान. या मधल्या आकाराच्या मशिनांना मिडरेंज म्हणतात. आमचं काळं, उंचीनं कमरेएवढं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारं. कामगारांची नावं, शिफ्टी, माल, गाड्या, सगळं त्याच्या पोटात. पुण्याहून आलेली नवी पोरं त्याला म्हातारा म्हणून हसतात. मला त्यांचा राग येतो. हा म्हातारा कधी बंद पडलेला कुणी पाहिला नव्हता. मला तो आवडतो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वेब पानाला स्वतःचं असं काही ठाऊक नसतं. कार्ड लागलं की त्यानं म्हाताऱ्याला विचारायचं, हा कोण, आज कुठल्या शिफ्टला? विचारायला जोडणी लागते. ती जोडणी कशी करायची ते एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं: मशीनचा पत्ता, कुणाच्या नावानं आत जायचं, पासवर्ड, आणि आत कुठल्या कपाटात बघायचं. पानासाठी मी वेगळं नाव मागून घेतलं आणि त्याला फक्त वाचायचा हक्क ठेवला. कॅन्टीनच्या पानानं कामगारांच्या नोंदीत ढवळाढवळ करू नये, एवढी अक्कल मला होती. बोलायला हे एवढंच. पण पहिल्यांदा कार्ड लावलं तेव्हा नावाच्या जागी आकड्यांची आणि अक्षरांची खिचडी उमटली. मोबाईलवर फोटो काढून आत्याला दाखवला, तर ती म्हणाली, हे माणसाचं नाव हाय का ट्रॅक्टरचा नंबर? झालं असं होतं की म्हातारा अक्षरं आपल्या जुन्या पद्धतीनं साठवतो, आणि त्या नोंदींवर कुणीतरी फार पूर्वी 'यांना हात लावू नये, आहे तसं द्या' असा शिक्का मारून ठेवला होता. जोडणीच्या फाईलमध्ये 'तरीही उलगडून दे' अशी एक ओळ घातली आणि माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

मग दुसरं घोडं अडलं. प्रत्येक कार्डाला पान नव्यानं म्हाताऱ्याचं दार वाजवायचं, तो ओळख विचारायचा, आत घ्यायचा, आणि तोवर समोरचा माणूस ताटाकडं बघत उभा. आत्यानं एकदा ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एवढ्या वेळात पुरी गार होईल, म्हणाली. मी तिला सांगितलं की यावर उपाय आहे, काही जोडण्या उघडून तशाच तयार ठेवायच्या, आलेल्या कार्डानं त्यातली मोकळी असेल ती वापरायची आणि परत ठेवायची.

"म्हंजी माणसागणिक चूल पेटवायची न्हाई," ती म्हणाली. "तवा चढवला की उतरवायचाच न्हाई."

मी म्हटलं, तसंच. त्या रात्री आम्ही दोघी निर्धास्त झोपलो. नवरात्रात तिनं गटातल्या बायकांना काउंटरवर उभं करून सराव करून घेतला, कार्ड, नाव, ताट, कार्ड, नाव, ताट. सगळं झकास चाललं होतं.

आता खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांची पूजा करायची आणि अवजाराला हात लावायचा नाही, त्याला इसावा द्यायचा, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. घरी विळी, खुरपं, कोयता. कंपनीत प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट. या सगळ्याची व्यवस्था आमच्या इलेक्ट्रिशियन मामांकडं. मामा यवतचे, मोठे भाविक, आणि मशिनांवर पोटच्या पोरांसारखी माया. दरवर्षी त्यांना एकच रुखरुख असायची, की सगळ्या मशिनांना इसावा मिळतो आणि आमच्या म्हाताऱ्याला तेवढा मिळत नाही. या वर्षी त्यांनी माझ्या वरिष्ठांना घोळात घेतलं. वरिष्ठ दसऱ्याला गावी निघाले होते. जाताना आदल्या संध्याकाळी त्यांनी म्हाताऱ्याला रीतसर बंद केलं, मामांना सांगितलं की पूजा झाली की हे बटण दाबा, आणि डोंगरापलीकडच्या गावी निघून गेले. तिथं फोनला रेंज नसते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी खोलीत गेले तर म्हाताऱ्याला झेंडूचा हार, अंगावर हळदीकुंकवाची बोटं, समोर नारळ, आणि दिवे सगळे विझलेले. मामा हात जोडून उभे. माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरी म्हणतात ते खोटं नाही. पण नारळासमोर ओरडता येईना. मी दातओठ खात विचारलं, मामा, हे काय?

"बाय, किती वर्सं राबतंय," मामा म्हणाले. "एक दिस तरी डोळं मिटू दे की त्याला."

 नारळ फुटला, मामांनी बटण दाबलं. म्हातारा उठला तो म्हाताऱ्यासारखाच, सावकाश, कण्हत. उठेपर्यंत निम्मी सकाळ सरली. शेवटी हिरवी अक्षरं आली तेव्हा मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बघ, उगाच घाबरत होतीस. मी कॅन्टीनमध्ये गेले, पान उघडलं, कार्ड लावलं. पान म्हणालं, जोडणी नाकारली.

 मी परत खोलीत पळाले आणि माझी फाईल उघडली. पत्ता बरोबर, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, कपाट बरोबर. पुन्हा वाचली. पासवर्ड नव्यानं टाकला. पानाचं मशीन बंद करून चालू केलं. प्रत्येक वेळी तेच, जोडणी नाकारली. म्हातारा तर समोर हार घालून मजेत बसलेला, हिरव्या पडद्यावर कामही करत होता. फक्त माझ्याच पानाशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. माझ्या मनात एकच, माझंच काहीतरी चुकलंय आणि ते मला सापडत नाही, आणि खाली आत्या वाट बघतीय.

खाली जेवणाची वेळ झाली होती. पुरी-भाजी, शिरा, उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी. रांग दारातून बाहेर व्हरांड्यात गेलेली. हे मला नंतर गटातल्या बायकांनी सांगितलं, पण इतक्यांदा सांगितलं की आता मी तिथंच होते असं वाटतं. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, रांगेकडं पाहिलं आणि आत्याला म्हणाले की राहू दे आता, आज हातानंच वाढा, माणसं भुकेली आहेत. कुणीही हो म्हटलं असतं. आत्यानं डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि पदर खोचला.

"कार्ड लागल्याशिवाय ताट न्हाई, असं तुम्हीच म्हणलाय, साहेब. आज हातानं वाढलं तर उद्या म्हणाल बायकांना जमलं न्हाई. माझी पोरगी वर काम करतीया. ती करंल. तवर थांबा."

आणि तिनं तेलाखालचा गॅस बारीक केला, पुऱ्या लाटायच्या थांबवल्या आणि खुर्चीवर बसली. रांगेत आधी कुरकुर झाली. मग कुणीतरी ताट वाजवलं. बिहारची पोरं म्हणायला लागली, माई, पेट में चूहे दौड़ रहे हैं. आत्या जागची हलली नाही. पण रांग मोडून कुणी बाहेरच्या वडापाववाल्याकडं गेलंही नाही, हे मला फार मोठं वाटतं. कॅन्टीन पणाला लागलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोर्कलिफ्ट चालवणारे एक आप्पा मोठ्यानं म्हणाले की घरी बायको याहून जास्त ताटकळत ठेवते, आणि रांग हसली.

वर मला हे काही कळलं नव्हतं. मामा येऊन फक्त एवढंच सांगून गेले की आत्या वाढत नाहीये, तुझ्यासाठी थांबलीया. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी अशी तिडीक गेली डोक्यात की मी माझी फाईल फाटकन बंद केली. माझ्या फाईलमध्ये काही चूक नाही. नाहीच. कालपर्यंत हीच चालत होती. मग बदललं काय? फक्त म्हातारा झोपून उठला. मी हिरव्या पडद्यासमोर बसले आणि त्याच्यात आत्ता काय काय चालू आहे ते बघितलं. रोज तिथं बाहेरच्या पानांना उत्तरं देणारी कामं ओळीनं बसलेली दिसायची. आज त्यातलं एकही नव्हतं. घर जागं झालं होतं, पण दार उघडणारा उठलाच नव्हता.

मशीन सुरू होताना काय काय सुरू करायचं हे म्हाताऱ्यानं एका जागी लिहून ठेवलेलं असतं. मी ते काढून वाचलं. दार उघडणाऱ्याचं त्यात नावच नाही. कधीकाळी, माझ्या आधीच्या आधीच्या कुणीतरी ते हातानं सुरू केलं असणार, आणि म्हातारा कधी बंदच झाला नाही म्हणून ते तसंच चालत राहिलं. कुणाला कळायचं कारणच पडलं नाही. वरिष्ठ रजेवर जाताना नेहमी आतली कामं चालू-बंद करायचा हक्क मला देऊन जायचे, हे नशीब. मी एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. एक एक करून ती कामं जागेवर येऊन बसली. मी जिना उतरले की उड्या मारल्या ते आठवत नाही.

कॅन्टीनच्या दारात पोचले तर रांगेनं मला वाट करून दिली. आत्या खुर्चीवरून माझ्याकडं बघत होती.  मी मान हलवली. तिनं गॅस मोठा केला.

पहिलं कार्ड आप्पांचं लागलं. नाव आलं, शिफ्ट आली, ताट सरकलं. दुसरं, तिसरं. मग कार्ड, नाव, ताट, असं जे सुरू झालं ते शेवटच्या माणसापर्यंत थांबलं नाही. साहेब भिंतीला टेकून सगळी रांग संपेपर्यंत उभे होते. शेवटी त्यांनी स्वतःचं कार्ड लावलं, शिरा खाल्ला आणि आत्याला म्हणाले, कॅन्टीन तुमचं. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मामा हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले की पुढल्या साली नुसता हार घालू. मी म्हटलं, द्या इसावा खुशाल, आता दार उघडायचं त्याच्या यादीत लिहून ठेवते.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. रोज गटातल्या बायका घरून भाकरी आणायच्या आणि मागं ओट्याशी बसून खायच्या. त्या दिवशी पहाटेपासून पुऱ्यांची कणीक मळायची म्हणून कुणी डबा आणला नव्हता. पातेल्यात अजून पुष्कळ होतं. आत्यानं एक ताट घेतलं, पुरी वाढून घेतली, आणि काउंटरवरच्या पडद्यापाशी आल्यावर थबकली. पडद्याकडं पाहिलं. मग पुरी परातीत परत ठेवली आणि ताट उलटं घातलं.

साहेब म्हणाले, अहो आत्या, घ्या की.

"ह्यात माझं नाव न्हाई, साहेब," ती म्हणाली. "इतकी माणसं भुकेली ठिवली मी ह्याच्यापायी. आता माझ्याच हातानं मोडू व्हय?"

ती रुसून बोलली नाही, टोमणाही नव्हता. बाकीच्या बायकांनीही मुकाट हात मागं घेतले आणि भांडी घासायला बसल्या. मला मात्र असं काही भडभडून आलं की विचारू नका. ते पान मी केलं होतं. जोडणी मी केली होती. आणि कामगारांच्या नोंदीत कॅन्टीनच्या बायका नाहीत, हे माझ्या काय, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पानाला फक्त वाचायचा हक्क, तोही मीच मागून घेतलेला, त्यामुळं तिचं नाव घालणंही माझ्या हातात नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझी वेणी सारखी केली आणि विचारलं, भाजी कशी झालती? मी म्हटलं, छान. 

दसरा झाल्यावर मी साहेबांकडं गेले ती कडाकडा भांडायची तयारी करून. काय काय बोलायचं ते बसमध्ये घोकून ठेवलं होतं. साहेबांनी मला बसूही दिलं नाही. म्हणाले, बायकांचे फोटो घेऊन ये, कार्डं करायला सांगितलीत. एवढं घोकलेलं भांडण तसंच परत घेऊन आले.

दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी रांग ओसरल्यावर आत्यानं आपलं कार्ड लावलं. नवं कार्ड पहिल्यांदाच लागत होतं, त्यामुळं पान क्षणभर अडखळलं. ती कार्ड धरून तशीच उभी. मग पडद्यावर तिचं नाव उमटलं. सगळी कंपनी तिला आत्या म्हणते, मीही आत्याच म्हणते, आणि ते आमच्या आज्यानं ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत वाचताना मलाच नवं वाटलं. तिनं वळून मला विचारलं, आलं का? मी म्हटलं, आलं. मग गटातल्या एका बाईनं तिला ताट वाढलं आणि ती ते घेऊन टेबलांकडं निघाली.

कॅन्टीनमध्ये एकदम शांत झालं. मला आधी कळेना का. मग आप्पांकडं लक्ष गेलं. ते घाईघाईनं टेबलावरची मिठाची वाटी उचलून मांडीवर लपवत होते. पलीकडच्या टेबलावर तेच, त्याच्या पलीकडं तेच. आत्या आप्पांच्या समोर बसली, पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबली. एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आन् इतक्या वर्सांत तुमच्यातला एक बोलला न्हाई?"

 मग आप्पांनी टेबलाखालून वाटी वर काढली आणि तिच्या ताटाजवळ सरकवली.